गृहध्वज, जर्मन तेलवाहू जहाजांचे

व्यापारी जहाज कोणत्या कंपनीचे आहे हे दर्शविण्यासाठी त्याच्या डोलकाठीवर फडकविण्यात येणाऱ्या ध्वजास गृहध्वज म्हणतात. ‘गृह’ हा शब्द येथे व्यापारी पेढी या अर्थी आहे. जहाजाच्या पिछाडीस असणारा राष्ट्रध्वज जहाजाचे राष्ट्रीयत्व सांगतो व त्यास कायद्याचे पाठबळ असते. गृहध्वज केवळ रूढीने चालत आलेला आहे. या दोन ध्वजांमधील अंतर किती मोठे असू शकते, याचे जर्मन तेलवाहू जहाजांच्या इतिहासाइतके बोलके उदाहरण क्वचितच आढळेल.

गृहध्वजाचा उगम बंदराच्या गरजेतून झाला. येणारे जहाज कोणाचे आहे हे दुरूनच कळले, तर मालकास धक्का, हमाल व गिऱ्हाईक यांची आगाऊ व्यवस्था करता येई. लिव्हरपूलजवळील बिडस्टन टेकडीवर अठराव्या शतकात निरनिराळ्या पेढ्यांसाठी काठ्यांची रांगच उभारण्यात आली होती. जहाज दृष्टिपथात येताच त्या पेढीचे निशाण तेथे चढे. जर्मनीत हँबर्ग व ब्रेमेन या बंदरांतील पेढ्यांनी ही प्रथा उचलली. हँबर्ग-अमेरिका मार्गाच्या कंपनीचा (स्थापना १८४७) ध्वज कर्णरेषांनी निळ्या व पांढऱ्या त्रिकोणांत विभागलेला असून त्यावर काळा नांगर व पिवळ्या ढालीत कंपनीची आद्याक्षरे होती. नॉर्थ जर्मन लॉइडने (१८५७) पांढऱ्या वस्त्रावर निळ्या रंगात एकमेकांस छेदणारे नांगर व किल्ली ही चिन्हे ओकच्या पानांच्या माळेसह घेतली. यांतील किल्ली ब्रेमेनच्या नगरचिन्हातील होय. हँबर्गच्या लाइस घराण्याच्या शिडाच्या जहाजांवर पांढऱ्या ध्वजात एफ. एल. ही दोन तांबडी अक्षरे असत. नगर, घराणे किंवा आद्याक्षरे यांवर हे सर्व ध्वज आधारलेले होते.

तेलाच्या वाहतुकीत हा आधार लवकरच बदलला. प्रारंभी खनिज तेल लाकडी पिंपांत भरून शिडाच्या जहाजांतून अमेरिकेहून यूरोपात येई. पिंपे जागा अडवीत, गळत आणि त्यांची किंमतही जबर पडे. गेस्टेम्यूंड व ब्रेमेन येथे तेलाचा व्यापार करणारे व्हिल्हेल्म आंटोन रीडेमान यांनी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे आर्मस्ट्राँग मिचेल कंपनीकडून १८८६ मध्ये ‘ग्ल्यूकआउफ’ हे वाफेचे जहाज बांधून घेतले. त्यात तेल सरळ जहाजाच्या कायेतील कप्प्यांत भरले जाई व एंजिन पिछाडीस ठेवले होते. आधुनिक तेलवाहू जहाजांचा हा आद्य नमुना समजला जातो. जहाजाचे नाव म्हणजे जर्मन खाणकामगारांचे शुभेच्छापर अभिवादन. तेलाने भरलेले हे जहाज स्फोट होऊन उडणार या भीतीने काहींनी त्याचे विडंबन ‘फ्लीगआउफ’ (उडून जा) असे केले. स्फोट काही झाला नाही. १८९३ मध्ये न्यूयॉर्कनजीक फायर आयलंडच्या किनाऱ्यावर रुतून ते निकामी झाले.

रीडेमान व त्यांचे सहकारी यांनी १८९० मध्ये अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीशी भागीदारी करून ब्रेमेन येथे जर्मन-अमेरिकन पेट्रोलियम कंपनी स्थापन केली. १९०४ मध्ये तिचे मुख्य कार्यालय हँबर्गला गेले. जहाजे जर्मन, खलाशी जर्मन, पिछाडीचा ध्वज काळा-पांढरा-तांबडा, पण भांडवल मुख्यत्वे अमेरिकन, अशी ही व्यवस्था होती. तिच्यातील विसंगती शांततेच्या काळात कोणास बोचली नाही. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच मात्र कंपनीची काही जहाजे अमेरिकन ध्वजाखाली नेण्यात आली. त्यांपैकी पूर्वीच्या ‘वॉशिंग्टन’चे नाव ‘ब्रिंडिला’ झाले. ब्रिटिशांनी ते पकडले व पुढे सोडून दिले.

व्हर्सायच्या तहाने (१९१९) १,६०० टन व त्याहून अधिक नोंदणीक्षमतेची सर्व जर्मन व्यापारी जहाजे विजेत्या राष्ट्रांना देणे भाग पडले. जर्मन-अमेरिकन कंपनीच्या जहाजांचा प्रश्न येथेच चिघळला. कंपनीचे भाग आमच्याकडे असल्याने तिची जहाजे वस्तुतः अमेरिकन मालमत्ता आहेत, असे स्टँडर्ड ऑइलचे म्हणणे होते. लवादाने ५ ऑगस्ट १९२६ रोजी दिलेल्या निर्णयात ते मान्य केले नाही. कंपनी ही तिच्या भागधारकांहून वेगळी विधिव्यक्ती असते. भागधारकास लाभांश व कंपनी विसर्जित झाल्यास उरलेल्या मत्तेत हिस्सा एवढाच हक्क असतो, जहाजावर नाही, असे लवादाने ठरविले. आंतरराष्ट्रीय विधीच्या ग्रंथांत हा निर्णय वारंवार उद्‌धृत केला जातो. गृहध्वज दाखवितो ती पेढी एक व तिचा खरा धनी दुसरा, ही गोष्ट न्यायासनापुढे इतक्या उघडपणे क्वचितच आली असेल.

यानंतर स्टँडर्ड समूहाने जहाजे डान्झिग येथील बाल्टिक-अमेरिकन पेट्रोलियम आयात कंपनीच्या नावे चालविली. डान्झिग हे १९२० पासून स्वतंत्र नगरराज्य होते; तेथील तांबड्या ध्वजात दोन पांढरे क्रूस व त्यांवर पिवळा मुकुट असे. जर्मनीतील राजकीय परिस्थिती बदलल्यावर १९३५ मध्ये ही जहाजे पनामाच्या ध्वजाखाली गेली. वीस-एकवीस वर्षांत राष्ट्रध्वज असे पालटत राहिले. मालक समूह मात्र तोच होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन व्यापारी ताफा विजेत्यांनी वाटून घेतला. नियंत्रण मंडळाच्या १२ नोव्हेंबर १९४६ च्या कायद्यानुसार उरलेल्या जर्मन जहाजांना राष्ट्रध्वजाऐवजी आंतरराष्ट्रीय संकेतावलीतील ‘सी’ अक्षराचा निळा-पांढरा-तांबडा-पांढरा-निळा ध्वज, टोकास त्रिकोणी खाच पाडून, वापरावा लागे. पश्चिम जर्मनीचा ध्वजविषयक कायदा ८ फेब्रुवारी १९५१ रोजी होईपर्यंत ही स्थिती टिकली.

पुढील काळात जर्मनीतील तेलवाहतुकीत मोठ्या आंतरराष्ट्रीय समूहांच्या शाखा ठळकपणे दिसू लागल्या. जर्मन-अमेरिकन कंपनी १९५० मध्ये एस्सो या नावाने ओळखली जाऊ लागली; निळ्या कडेच्या लंबवर्तुळातील तांबडी अक्षरे हे तिचे चिन्ह. शेलचा शिंपला व बी. पी.ची हिरवी-पिवळी ढाल हीही मूळची व्यापारचिन्हेच होत. यांपैकी कशातही हँबर्गचा किल्ला वा ब्रेमेनची किल्ली नाही. रस्त्यावरील पेट्रोल पंपावर जे चिन्ह, तेच जहाजावर, असे गृहध्वजाचे रूपांतर जाहिरातीत झाले. शिवाय एंजिन पिछाडीस असल्याने तेथील धुराड्यावर रंगविलेले चिन्ह वाऱ्यावर अवलंबून नसते आणि कापडी ध्वजापेक्षा दुरून स्पष्ट दिसते. तेल चढविताना वा उतरविताना मात्र या सर्वांहून महत्त्वाचा ध्वज म्हणजे धोक्याचा मालदर्शक तांबडा ‘बी’ ध्वज.

पूर्व जर्मनीत १९५२ मध्ये स्थापन झालेल्या रॉस्टॉकच्या शासकीय जहाज कंपनीकडे तेलवाहू जहाजेही होती. त्यांना लॉइना, श्वेट, बलन अशा रासायनिक व तेलशुद्धीकरण उद्योगांच्या गावांची नावे दिली जात. ‘बलन’ हे जहाज १९७६ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यानजीक बुडाले.

त्याच वर्षी जपानमध्ये बांधलेले ‘एस्सो डॉइचलांट’ सु. ४,२१,००० टन भारवहनक्षमतेचे होते. ‘ग्ल्यूकआउफ’ची क्षमता जेमतेम तीन हजार टनांची. तथापि १९७३ च्या तेलसंकटानंतर अशा महाकाय जहाजांना पुरेसे काम उरले नाही. तेल कंपन्यांनी स्वतःचे ताफे आवरते घेऊन भाड्याच्या जहाजांवर भर दिला आणि अनेक जर्मन मालकांनी आपली जहाजे परकीय ध्वजांखाली नोंदविली. ही गळती थांबविण्यासाठी पश्चिम जर्मनीने १९८९ मध्ये स्वतंत्र आंतरराष्ट्रीय जहाज नोंदवही सुरू केली.