समुद्रावाचून कोळीण : बी. प्रभा यांची चित्रे यवतमाळच्या मातीतून पाहताना

मुंबईच्या कोळिणीला आधुनिक भारतीय चित्रकलेत जिने सर्वांत सातत्याने आणि सर्वांत हळव्या हाताने रंगवले, ती चित्रकर्ती विदर्भातली होती. बी. प्रभा यांचा जन्म १९३३ साली नागपूरजवळच्या बेला या गावी झाला. नागपूरच्या कलाशाळेत आरंभीचे शिक्षण घेऊन त्या मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत आल्या आणि तेथे त्यांनी चित्रकलेबरोबर भित्तिचित्रणाचेही शिक्षण पूर्ण केले. १९५६ मध्ये शिल्पकार-चित्रकार बी. विठ्ठल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विठ्ठल १९९२ मध्ये गेले आणि २००१ मध्ये प्रभांनी नागपुरातच अखेरचा श्वास घेतला. या दोन वैदर्भीय टोकांमध्ये मुंबईतील चित्रनिर्मितीची अनेक दशके आणि पन्नासाहून अधिक प्रदर्शने आहेत, तरी विदर्भात त्यांच्याविषयी जेवढे लिहिले-बोलले जायला हवे होते तेवढे झालेले नाही. ही उणीव केवळ अभिमानापुरती नाही. प्रभांच्या कोळिणींमधील दुःखाचा उगम शोधायचा तर किनाऱ्याकडे पाठ करून कापसाच्या मुलखाकडे यावे लागते, असे मानण्यास त्या चित्रांतच पुरेसा आधार आहे.

कोळीण हा विषय प्रभांच्या आधीही चित्रांत होता. कोल्हापुरात जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी मुंबईच्या रस्त्यांवरील जातीजमातींची, त्यांत कोळी स्त्री-पुरुषांचीही, असंख्य चित्रे काढली. ती पोस्टकार्डांवरून घरोघरी पोचली आणि १९२० साली निघालेल्या ऑटो रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील इंग्रजी ग्रंथालाही धुरंधरांचीच चित्रे लाभली. धुरंधरांचे रेखाटन अचूक आणि प्रेमळ आहे, परंतु त्या काळाच्या मागणीनुसार तेथे स्त्री प्रथम एका जमातीचा नमुना ठरते: कासोटा घालून गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेले लुगडे, अंगावरचे दागिने, डोक्यावरची पाटी. पाहणाऱ्याला कोळीण ओळखू येते, तिच्या मनात काय चालले आहे हे मात्र कळत नाही.

प्रभांनी हा क्रम उलटा केला. त्यांच्या कोळिणी उंच, कृश आणि लांब मानेच्या आहेत; हातही तसेच लांबट, बोटे सैल सोडलेली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. दोघी-तिघी एकमेकींना खेटून बसलेल्या असतात, पुढ्यात मासळीची पाटी असते, परंतु एकीची नजर दुसरीला भेटत नाही. चित्रभर बहुधा एकाच रंगाचे राज्य असते आणि आकृती त्या रंगातून जेमतेम सुटी होते, त्यामुळे स्त्री आणि तिच्यामागचा अवकाश एकाच धातूचे वाटू लागतात. मोठ्या सपाट रंगक्षेत्रांचा आणि उभ्या, संथ आकृतीचा हा संयम भित्तिचित्रणाच्या शिक्षणाशी जुळणारा आहे. होडी किंवा झोपडी आलीच तर खुणेपुरती येते. लाटा, वादळ, शिडे यांची गर्दी जवळजवळ नाहीच. समुद्रावर जगणाऱ्या समाजाच्या या चित्रांत समुद्र हा बहुतेक वेळा केवळ रंग म्हणून उरतो.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. प्रत्यक्षातली कोळीण अशी मूक आणि खचलेली असते काय? मुंबईच्या कोळीवाड्यांत कामाची विभागणी जुनी आणि स्पष्ट आहे: पुरुष मासळी पकडतो, पुढचा सगळा व्यवहार बाईच्या हाती असतो. खाडीच्या किंवा उथळ समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना बांधलेले, भरती-ओहोटीच्या ओढीने फुगणारे पिशवीसारखे जाळे, ज्याला डोल म्हणतात, ते नाखवा, म्हणजे होडीचा धनी, आणि त्याचे खलाशी सांभाळतात. परंतु बोट किनाऱ्याला लागली की म्हावरं, म्हणजे मासळी, बाईच्या ताब्यात येते. १८७५ मध्ये खुल्या झालेल्या ससून गोदीत पहाट फुटण्याआधी लिलाव सुरू होतो. कोळीण बोली लावते, मासळी बर्फात रचते, पाटी उचलते आणि बाजारात येऊन वाटे मांडते. वाटा म्हणजे तराजूवाचून, नजरेच्या अंदाजाने लावलेली मासळीची छोटी रास. चार-सहा बोंबील, त्यांच्या शेजारी मूठभर करंदी, वरून पाण्याचा शिपका. गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की तीच एखादा बोंबील वाट्यात वाढवते किंवा वाटा मागे ओढून घेते. किती मासळीचा किती भाव हे ती हाताच्या एका हालचालीत ठरवते. घरचा पैसा तिच्याकडे, गळ्यातले सोने तिच्या कमाईचे, आवाज तिचा. या बाईला प्रभांच्या चित्रांत शोधणारा निराश होतो, आणि त्याची निराशा अकारण नाही.

तरीही हा आक्षेप अर्धाच खरा आहे. बाजारातला चढा आवाज हे त्या स्त्रीचे कामाचे हत्यार असते; दुपारी वाटे संपल्यावर किंवा न संपल्यावर, उन्हात बर्फ वितळत असताना, ती जेव्हा पाटीशी नुसती बसून राहते तेव्हाचे तिचे शरीर वेगळे असते. प्रभांनी हा दुसरा क्षण निवडला. स्त्रीच्या वाट्याला आलेली वेदना रंगवणे हाच आपला हेतू असल्याचे त्या उघड सांगत, आणि अमृता शेर-गिल (१९१३–१९४१) यांच्याविषयी त्यांना वाटणारा आदरही याच दिशेने बोट दाखवतो. शेर-गिल यांच्या खेड्यातल्या बायकाही अशाच, आपल्याच विचारात बुडालेल्या, बसलेल्या आहेत. फरक असा की प्रभांनी ती उदासी कष्टाच्या वस्तूला, पाटीला, बांधून ठेवली. कोळिणींच्या जोडीला त्यांनी दुष्काळ, भूक आणि बेघरपणा हे विषय रंगवले, आणि ही चित्रे एकत्र पाहिली की एकच शरीर किनाऱ्यावरून कोरड्या माळावर आणि माळावरून किनाऱ्यावर ये-जा करत असल्याचे जाणवते.

यवतमाळ जिल्ह्यातील वाचकाला ते शरीर नवे नाही. या जिल्ह्याची मासेमारी वर्धा आणि पैनगंगा या सीमेवरच्या नद्यांची, बेंबळा, अरुणावती, पूस यांसारख्या धरणांच्या जलाशयांची आणि भोई समाजाच्या पिढीजात कसबाची आहे. तेथेही रोहू-कटल्याची टोपली बाजारात घेऊन बसणारी बाई असते. पण साम्य त्याहून खोल आहे. निंदणाच्या तासात, म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधले तण काढताना, किंवा कमरेला ओटी बांधून कापूस वेचताना बाया ओळीने, खांद्याला खांदा लावून पुढे सरकतात, आणि सावलीत टेकल्या की त्यांच्या माना नेमक्या तशाच कलतात. बेल्यात जन्मलेल्या मुलीने समुद्राआधी जे बाईपण पाहिले ते या शेतीच्या मुलखातले होते. मुंबईत तिला कोळीण भेटली ती नवे दृश्य म्हणून भेटली असेल, परंतु रंगवताना आधीपासून ठाऊक असलेली बाईच कॅनव्हासवर उतरली, म्हणूनच त्या चित्रांत समुद्राची फारशी गरज पडली नाही.

या चित्रांच्या प्रवासातील एक आकडा दीर्घकाळ लक्षात राहावा असा आहे. १९५६ साली एअर इंडियाने बी. प्रभा या तेव्हा फारशा परिचित नसलेल्या तरुणीची सहा चित्रे प्रत्येकी ८७ रुपये ५० पैसे या भावाने घेतली. भारतीय स्त्रिया हाच त्यांचा विषय होता. सहा चित्रांचे मिळून ५२५ रुपये झाले, आणि या खरेदीतून जो कलासंग्रह सुरू झाला तो पुढे हजारो कलाकृतींपर्यंत वाढला. तरुण चित्रकारांकडून अल्प किमतीत चित्रे घेणारी हीच कंपनी १९६७ मध्ये साल्वादोर दाली यांच्याकडून रक्षापात्राची रचना करून घेते आणि मोबदल्यात त्यांना हत्तीचे पिल्लू देते, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे; परंतु त्या संग्रहाचा पाया एका वैदर्भीय स्त्रीच्या सहा चित्रांनी घातला, ही गोष्ट सांगितली जात नाही. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांनीही प्रभांच्या विद्यार्थिदशेतील प्रदर्शनातून तीन चित्रे विकत घेतली होती, म्हणजे पारखी नजरेला त्यांचे मोल फार लवकर कळले होते.

२०२२ मध्ये विमानकंपनी पुन्हा टाटा समूहाकडे गेली तेव्हा हा संग्रह विक्रीत गेला नाही; तो शासनाकडे राहिला आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवण्याचा निर्णय झाला. सार्वजनिक मालकीच्या या ठेव्यातील प्रभांची चित्रे महानगरांच्या दालनांपुरती राहू नयेत. ती नागपूरला यावीत, यवतमाळलाही यावीत. वेचणीवरून परतलेली एखादी बाई त्या लांब मानेच्या, पाटीशी बसलेल्या कोळिणीसमोर उभी राहिली, तर तिला समुद्र समजावून सांगावा लागणार नाही. दुपारच्या उन्हात टोपलीशी बसून राहणे म्हणजे काय, हे तिला ठाऊक आहे.