दवाखान्यातल्या सहीने हक्क जात नाही

रबाळे, महापे, पावणे, तळोजा. नवी मुंबईच्या या पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यात पॉवर प्रेसखाली बोटं जातात. उलव्याला बांधकामाच्या परांचीवरून माणूस खाली पडतो. पुढचं ठरल्यासारखं घडतं. ठेकेदार दवाखान्यात येतो, बिल भरतो, घरच्यांच्या हातात काही हजार रुपये ठेवतो आणि एका कागदावर सही किंवा अंगठा घेतो. कागदावर लिहिलेलं असतं, हिशेब पूर्ण झाला, यापुढे माझी काही तक्रार नाही.

या कागदाला कायद्यात किंमत नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा कोणताही करार तेवढ्यापुरता रद्दबातल, असं १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचं कलम १७ सांगत होतं. मृत्यू झाला असेल तर कलम ८ आणखी कडक होतं. रक्कम भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. मालकाने परस्पर विधवेच्या हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत; फार तर तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल वजा होते. दवाखान्यात नातेवाईक कोणत्या अवस्थेत सही करतात, हे कायदा करणाऱ्यांना शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं.

किती पैसे मिळायला हवेत, हे ठेकेदाराच्या मनावर नाही. त्याचं गणित ठरलेलं आहे. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा निम्मा हिस्सा घ्यायचा आणि वयानुसार दिलेल्या गुणकाने गुणायचं. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर निम्म्याऐवजी ६० टक्के. जानेवारी २०२० पासून या हिशेबासाठी पगाराची मर्यादा १५,००० रुपये आहे. तिशीच्या कामगाराचा गुणक २०७.९८. म्हणजे त्याच्या मृत्यूची भरपाई १५,५९,८५० रुपये होते. त्याचा अंगठा गेला तर परिशिष्टाप्रमाणे कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं मानतात, आणि रक्कम येते ५,६१,५४६ रुपये. एका अंगठ्याचे साडेपाच लाख. काही हजारांवर सही देणाऱ्या घराला हा आकडा कुणी सांगितलेलाच नसतो, आणि माझ्या मते खरा अन्याय इथेच होतो.

परिशिष्टातली टक्केवारी हाही शेवटचा शब्द नाही. ओडिशातल्या एका सिनेमागृहात सजावटीचं काम करणाऱ्या सुताराचा डावा हात १९६८ मध्ये अपघातात कोपराच्या वरून कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाई पूर्ण बुडाली असंच धरलं पाहिजे, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये कायम केला. भरपाई देण्याची जबाबदारी अपघाताच्या दिवसापासूनच सुरू होते, हेही त्याच निकालात आहे. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

‘चूक तुझीच होती’ हे वाक्य कामगाराला हमखास ऐकवलं जातं. या कायद्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात कामामुळे आणि काम करताना झाला, एवढं पुरेसं असतं. दारू पिऊन असणं किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणं ही कारणं मालक पुढे करू शकतो, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर तीही चालत नाहीत. ‘तो आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे’ हेही चालत नाही. मूळ कंपनीच्या कामाचाच भाग ठेकेदाराकडून करून घेतला असेल, तर भरपाई कंपनीकडे मागता येते. वाशी-तुर्भ्याच्या बाजारातल्या नोंदीत माथाडींना १९६९ च्या माथाडी कायद्यानेच हा भरपाईचा कायदा लागू केला आहे.

पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापनेला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल, तर मार्ग वेगळा. तिथे एकरकमी पैशाऐवजी उपचार, रजेच्या काळात पगाराच्या ९० टक्के आणि मृत्यूनंतर कुटुंबाला दरमहा लाभ मिळतो. मालकाने वर्गणी भरली नाही एवढ्यावरून कामगाराचा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितलं आहे.

कामावर जाताना रस्त्यात अपघात झाला तर? धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले. बावीस वर्षं लागली. पण वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दिसत असेल तर येण्याजाण्यातला अपघातही कामातलाच, हे आता पक्कं झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. मूळ चौकट तशीच आहे आणि येण्याजाण्याची तरतूद त्यात लिहूनच आली आहे.

दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा. महाराष्ट्रात आयुक्तांचं काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहतात. नवी मुंबईत दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात आणि खारघर, तळोजा, उलवे रायगडमध्ये, पण त्यामुळे अडून बसायचं कारण नाही. पाटण किंवा गेवराईला परत गेलेली विधवा आपल्या राहत्या भागातही दावा करू शकते. ही तरतूद १९९५ च्या दुरुस्तीने आली आणि ती फार मोलाची आहे.

दवाखान्यातला एमएलसीचा (मेडिको-लीगल केसचा) कागद, पोलिसांचा पंचनामा, गेटपास, हजेरीचा फोटो, बँकेत जमा झालेल्या पगाराची नोंद, औषधाचं प्रत्येक बिल, यांतलं काहीही टाकू नका. उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकानेच द्यायचा असतो. औद्योगिक कामगाराला आणि कोणत्याही स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो; मदतीचा क्रमांक १५१००. तुमच्या इमारतीत, सोसायटीत, कारखान्यात असा कुणी जखमी झाला असेल, तर त्याच्या घरच्यांना हा क्रमांक आजच द्या आणि सही आधीच झाली असली तरी दावा करता येतो, हेही सांगा.