खिशातले संगणक (भाग ५) : दोन पेन्सिल सेलवरचा डॉस

भिंतीवरच्या घड्याळात घालतो तसले दोन पेन्सिल सेल. तेवढ्यावर पीसीच्या जातीचा एक अख्खा संगणक कित्येक आठवडे चालत असे. ऑगस्ट १९९४ मध्ये आलेला एचपी २००एलएक्स. या लेखमालेतल्या सगळ्या यंत्रांत माझा जीव याच्यावर जास्त आहे, म्हणून आजचा पूर्ण भाग त्याला.

याच्या आधी दोन भावंडं येऊन गेली होती : १९९१चा ९५एलएक्स आणि १९९३चा १००एलएक्स. कंपनीत या तिघांची टोपणनावं अनुक्रमे जॅग्वार, कूगर आणि फेलिक्स; म्हणजे सगळं मार्जारकुळच. एचपीचे नावाजलेले कॅल्क्युलेटर जिथे घडत, त्या ओरेगॉन राज्यातल्या कॉर्व्हॅलिसला हेही घडले. म्हणूनच याच्या कळांना कॅल्क्युलेटरसारखा टकटकीत दाब आहे. कळ लागली की नाही, हे बोटालाच कळतं.

यंत्र मिटलं की चष्म्याच्या घरासारखं दिसतं. लांबी १६ सेंटिमीटर, वजन ३०० ग्रॅमच्या थोडं वर. उघडलं की ६४० बाय २०० ठिपक्यांचा करडा पडदा, त्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी. एमएस-डॉस ५.० ही कार्यप्रणाली आणि लोटस १-२-३ हा तक्त्यांतून हिशेब करणारा प्रोग्राम रॉममध्येच भरलेले. नव्वदच्या दशकात क्लास लावून जे डॉस आणि लोटस शिकले, त्यांना याची वेगळी ओळख करून द्यायला नको. क्लासमध्ये टेबलभर पसरलेलं ते सगळं इथे शर्टाच्या नाही, तरी कोटाच्या खिशात मावत होतं.

सेल इतके दिवस कसे पुरत? पडद्यामागे दिवा नव्हता. खोलीतला उजेड परतवूनच अक्षरं दिसत. फिरणारी डिस्क नव्हती. पण खरी मेख प्रोसेसरमध्ये होती. एक कळ दाबून अंगठा दुसऱ्या कळेवर जाईपर्यंतचा जो क्षण, तेवढ्यातही प्रोसेसर डुलकी काढून घेई. माणूस विचार करत असला की यंत्र जवळजवळ काहीच खात नसे. फायली मात्र रॅममध्येच राहत आणि रॅमला सतत थोडी वीज लागते. त्यासाठी आत एक तिसरा, नाण्याएवढा बटन सेल असे. पेन्सिल सेल बदलताना तोच किल्ला लढवी. तो जुना झालेला असताना पेन्सिल सेल काढले, तर पत्ते, हिशेब, रोजनिशी, सगळं गेलं. जाणते लोक म्हणून कार्डाच्या खाचेत एक फ्लॅश कार्ड ठेवून त्यावर नकला काढत.

आत ओळखीचा डॉस असल्यामुळे लोकांनी यंत्राला हात घातला. प्रोसेसर ७.९१ मेगाहर्ट्झचा. त्याचा ठेका ठरवणारा क्वार्ट्झचा स्फटिक बोर्डवरून काढायचा आणि दुप्पट कंपनांचा दुसरा सोल्डर करायचा, की वेग दुप्पट. मग टायमरचा हिशेब चुके. तो सावरायला कुणीतरी इवलासा ड्रायव्हर लिहिला. काहींनी एक-दोन मेगाबाइटच्या मेमरीवर जादा चिप बसवून ती ३२पर्यंत नेली. आयोवा राज्यातल्या फेअरफील्ड गावाहून हॅल गोल्डस्टीन 'द एचपी पामटॉप पेपर' हे नियतकालिक काढत; त्यात वाचकच वाचकांना शिकवत.

सगळ्यात मोठं काम केलं ते जपानी वापरणाऱ्यांनी. यंत्रात जपानी लिपी नव्हतीच. त्यांनी पडद्यावर कांजी ही जपानी अक्षरचिन्हं उमटवणारी आणि ती टंकायची सोय करणारी सॉफ्टवेअर डॉसवर बसवली. पडदा २०० ठिपके उंच. २५ ओळी हव्या असतील तर एका अक्षराच्या वाट्याला ८ ठिपक्यांची उंची येते. त्या आठ बाय आठच्या चौकटीत त्यांनी हजारो कांजी बसवल्या. कुठली रेघ गाळली तरी अक्षर ओळखू येईल, हे एकेका अक्षरापाशी बसून ठरवायचं काम.

हे किती अवघड, ते समजावं म्हणून मी आलेखाच्या कागदावर आठ चौकोनांच्या उंचीत 'मूर्ती' लिहून पाहिलं. शिरोरेषेला एक ओळ गेली. वर रफार आणि वेलांटी मिळून दोन, खाली दीर्घ ऊकाराला दोन. 'म'साठी उरल्या तीन ओळी. त्यात 'म'ची गाठ काढली की तो 'भ' वाटतो, गाठ गाळली की 'न'. तासाभरात मी कागद मिटला. जपानमधल्या त्या हौशी मंडळींनी असले कागद किती भरले असतील!

१९९९ मध्ये उत्पादन थांबलं. कंपनी तोवर विंडोज सीईच्या यंत्रांकडे वळली होती. बरेच जण तिकडे गेले नाहीत. जुने संच विकत घेऊन एकाचे भाग दुसऱ्याला लावत राहिले. बिजागरीपाशी प्लास्टिकला चीर पडणं हे याचं ठरलेलं दुखणं. ते प्रत्येकाने आपापल्या परीने सांधलं. एवढ्या खटपटीनंतर ऑनची कळ दाबली की काल अर्धवट सोडलेली ओळ, कर्सर होता तिथेच, समोर हजर.

पुढच्या आठवड्यात कळफलकच नसलेलं यंत्र : पाम पायलट. आणि ते बनण्याआधी त्याचे जनक जेफ हॉकिन्स यांनी खिशात घालून फिरवलेला लाकडाचा ठोकळा.