आतला पॅड पाहिलात का?

गेल्या जूनमध्ये चिपळूणला निघण्याआधी गाडी दाखवायला नेली. ब्रेक नीट लागत होते, आवाज नव्हता. चाकाच्या फटीतून टॉर्च मारला तर पॅड चांगला जाड दिसत होता. मिस्त्रींनी तरीही चाक काढलं आणि आतल्या बाजूचा पॅड माझ्या तळहातावर ठेवला. थर जेमतेम नखाच्या जाडीचा उरला होता. त्यावर कुंभार्ली घाट उतरायचा होता!

असं का होतं? बहुतेक छोट्या गाड्यांत ब्रेकचा पिस्टन आतल्या बाजूला असतो. तो आधी आतला पॅड डिस्कवर दाबतो. मग कॅलिपर दोन पिनांवरून सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून आणतो. चिखलपाण्याने पिना गंजल्या, त्यांचं ग्रीस सुकलं की हे सरकणं थांबतं आणि सगळा भार आतल्यावर येतो. आपल्याला दिसतो तो बाहेरचा, न झिजलेला. म्हणून चाक काढून दोन्ही पॅड पाहिल्याशिवाय ‘पॅड आहेत अजून’ हे कुणी सांगितलं तरी मी मानत नाही.

नव्या पॅडवरचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ वर आला की बदलायचे. मागची लोखंडी पट्टी यात मोजू नका. फसगत तिथेच होते. किलोमीटरचा हिशेब फारसा कामाचा नाही. महामार्गावर धावणारी गाडी आणि पुण्याच्या सिग्नलवर रोज रखडणारी गाडी यांचे पॅड सारखे झिजतच नाहीत.

आवाज मात्र बरंच सांगतो. रात्रभर पावसात उभ्या गाडीचे पहिले दोन-तीन ब्रेक खरखरतात आणि थांबतात. तो डिस्कवरचा गंज, काळजी नको. ब्रेक दाबला की दरवेळी बारीक, कानात घुसणारी किंकाळी येत असेल तर पॅडवरची इशाऱ्याची पत्री डिस्कला टेकू लागली आहे. पण ही पत्री प्रत्येक पॅडला नसते. जाड घरघर ऐकू आली म्हणजे लोखंडावर लोखंड घासतंय. आता डिस्कही कापली जाणार.

ब्रेक ऑइलच्या डबीकडेही लक्ष द्या. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि पातळी हळूहळू उतरते. वरून ऑइल ओतून ती खूण पुसू नका. आधी पॅड तपासा. पातळी एकाएकी घसरली किंवा पेडल खोल जाऊ लागलं तर गळती असू शकते, तेव्हा गाडी हलवूच नका.

पॅड बदलताना समोरच्या दोन्ही चाकांचे एकदम बदला, पिना साफ करून ग्रीस लावून घ्या आणि जुने पॅड मागून घेऊन पाहा. गॅरेजमधून निघण्याआधी उभ्या गाडीत पेडल चार-पाच वेळा दाबा. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिलं पेडल थेट तळाला जातं. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारणं टाळा, नवा थर डिस्कवर नीट बसू द्या. रविवारी घाट उतरायचा असेल तर पॅडचं काम शनिवारी संध्याकाळवर ठेवू नका, आठवडाभर आधीच चाक उघडा.