पायी चाळ, कंबरेस शेला

गौरीगणपतींचे आगमन झाले, की महाड-पोलादपूरच्या डोंगरकुशीतील वाड्यांना जणू नवे चैतन्य लाभते. पोटापाण्यासाठी मुंबईस गेलेला चाकरमानी गावी परततो, आरती आटोपते, मृदंगावर थाप पडते आणि अंगणात बाल्यानाच रंगू लागतो. यालाच जाखडी असेही म्हणतात. या नाचातील गीतांविषयी पुष्कळदा बोलले जाते. आज त्याच्या वेषाविषयी आम्ही चार शब्द लिहीत आहोत.

आपल्या धर्माने नृत्यास उपासनेचे स्थान दिले आहे. नटराजाच्या अंगी सर्पांची भूषणे, रासातील श्रीकृष्णाच्या मस्तकी मोरपीस. साक्षात गणरायाचीही नृत्यमूर्ती आपल्या शिल्पकारांनी घडविली. देवाचा वेष असा अर्थपूर्ण, मग भक्ताचा निरर्थक कसा असेल?

बाल्यानाचाचा जुना वेष अगदी साधा. धोतर, सदरा, डोक्यास फेटा वा रुमाल, कंबरेस रंगीत शेला आणि पायात चाळ. कानातील बाळीवरूनच या नाचास हे नाव पडले, असे सांगतात. गायक-वादक मध्ये बसतात आणि नाचणारे त्यांच्याभोवती फेर धरतात. सर्वांची पावले एकाच वेळी पडली, तरच चाळांचा एकच झणत्कार उठतो. एखादे पाऊल चुकले, तर कानास ते तत्काळ कळते. चाळ हा केवळ अलंकार नव्हे, तो तालाचा राखणदार होय. शेल्याने कंबर कसली जाते आणि गिरकी घेताना त्याचे सुटे पदर फेराचा डौल वाढवितात. घरात माहेरवाशिणी गौरीपुढे झिम्मा-फुगडी खेळतात, तेव्हा नऊवारीचा काष्टाही हेच करतो: मर्यादा राखून अंगाला मोकळीक देतो.

दूरदेशीही हीच दृष्टी आढळते. इंग्लंडातील मॉरिस नर्तक गुडघ्याखाली घुंगरू बांधून ताल धरतात. तुर्कस्तानात कोन्या येथे मौलाना रूमींच्या परंपरेतील दरवेशी गिरक्या घेतात. त्यांचा पांढरा घोळदार झगा हे कफनाचे, तर उंच टोपी हे थडग्यावरील शिळेचे प्रतीक मानतात. अहंकार मेल्यावाचून ईश्वर भेटत नाही, हेच तो वेष बोलतो. आपल्या संतांची शिकवण याहून निराळी का आहे?

अलीकडे चमकी-टिकल्यांचे पोशाख आले आहेत. हौसेला आम्ही नाक मुरडत नाही. चिंता आहे ती निराळीच. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या महापुरात महाड बुडाले. तळिये गावावर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. त्यानंतर सातच आठवड्यांनी गणेशचतुर्थी आली. पुरात गेलेले वस्त्र पुन्हा विकत घेता येते. परंतु शेला कसा कसावा, चाळ कपाळी लावूनच पायी का बांधावेत, हे सांगणारे वडीलधारे माणूस गेले, तर ते ज्ञान कोणत्या दुकानात मिळणार?

म्हणून यंदा गावी गेल्यावर घरातील तरुणांनी आजोबांपुढे बसावे आणि त्यांच्या हातून एकदा तरी शेला बांधून घ्यावा. अशा वेषाने देवापुढे पडलेले पाऊल हीसुद्धा पूजाच होय. मंगलमूर्ती ती गोड मानून घेवोत.