तेराच्या सकाळी सतरा तारीख

तर मंडळी, नळदुर्गावर चित्रपट करू पाहणारी मुलं गोष्ट ऐकवायला येतात, तेव्हा आम्ही आधी सनावळी तपासत नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज नळदुर्गात शिरली, १७ला निजाम शरण आला, हे त्यांना पाठच असतं. गोची तिथंच होते! त्यांच्या नायकालाही तेराच्या सकाळीच सतरा तारीख ठाऊक असते. मग त्याला भीती कसली? रझाकारांच्या धाकात गावी थांबावं की सोलापूर गाठावं, हे त्याला ठरवता येऊ नये.

आणि तिरंग्यापाशी थांबू नका. त्यानंतर याच जिल्ह्यात निरपराध मुसलमानांच्या कत्तली झाल्या. सुंदरलाल समितीनं उस्मानाबाद सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत मोजला. तुमचा नायक तेव्हा कुठं होता, बाबांनो?