नोंदवही कोणाच्या हाती?

सार्वजनिक आरोग्याचा विचार करताना औषध, लस आणि रुग्णालय यांच्याकडे जितके लक्ष जाते तितके ते नोंदीकडे जात नाही. वास्तविक आजार कोठे सुरू झाला, कोणत्या वस्तीत किती जण दगावले, पाणी कोठे दूषित झाले, हे कळल्यावाचून या तिन्हींपैकी एकाचाही नेमका उपयोग करता येत नाही. लोकांचे आरोग्य, पर्यावरणाशी असलेले त्यांचे वर्तन आणि वस्तीतील जगण्याचा दर्जा यांच्याकडे पद्धतशीरपणे पाहणे, ते मोजणे, त्याची नोंद ठेवणे आणि त्या नोंदीवरून कृती ठरवणे, या सगळ्या प्रक्रियेला सामाजिक देखरेख असे म्हणतात. ही देखरेख दोन दिशांनी चालू शकते. शासन लोकांवर नजर ठेवते ही पहिली दिशा, आणि लोक आपल्या गावाची, दवाखान्याची, पाण्याची नोंद ठेवून शासनाला उत्तर द्यायला लावतात ही दुसरी. महाराष्ट्राला या दोन्हींचा सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा अनुभव आहे आणि त्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा प्रत्ययाला येते : नोंद ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यापर्यंत ती परत पोचते का, आणि ती पाहून कोणाला तरी जाब द्यावा लागतो का, यावर देखरेखीचे यश अवलंबून असते.

पहिल्या दिशेचा सर्वांत कठोर अनुभव प्लेगच्या साथीत आला. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागातील रुग्णाला गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. मांडवी हा गोदीलगतचा, धान्याच्या वखारींचा आणि दाट वस्तीचा भाग होता. त्यानंतर पंधरवड्याच्या आत मुंबईच्या महापालिका आयुक्तांनी रोग्याला सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा आणि त्याचे घर निर्जंतुक करण्याचा आदेश काढला. मात्र रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही अशी धास्ती कामगार वस्त्यांत इतकी पसरली, की ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला आणि आदेश सौम्य करावा लागला. तरीही ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला आणि घरात शिरून तपासणी करणे, प्रवाशांना अडवणे, रोग्याच्या नातलगांना छावणीत ठेवणे हे सारे कायदेशीर ठरले. मुंबईत ज्या घरात प्लेगचा मृत्यू होई त्याच्या दर्शनी भिंतीवर वर्तुळ रंगवले जाई आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तशी अक्षरे लिहिली जात. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ती नोंद वाचता येत असे. परंतु घरातल्या माणसांना तिचा काहीही उपयोग नव्हता.

पुण्यात मार्च ते मे १८९७ या काळात विशेष प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर रँड यांनी घरझडतीसाठी गोरे सैनिक वापरले. माजघरात आणि देवघरात बुटांनिशी शिरणे, स्त्रियांची तपासणी, सामानाची जाळपोळ यांविरुद्धच्या तक्रारी त्या काळच्या वृत्तपत्रांतून सातत्याने येत राहिल्या; २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली आणि पुढे लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. हा राजकीय इतिहास मराठी वाचकाला परिचित आहे. त्याची आरोग्यविषयक बाजू मात्र तितकीशी सांगितली जात नाही. झडतीच्या भीतीने लोक आजारी माणसाला लपवत, रात्रीतून गावाबाहेर हलवत, मृत्यूचे कारण दुसरेच सांगत, आणि त्यामुळे ज्या नोंदीसाठी एवढी सक्ती केली तीच नोंद खोटी होत गेली. शिवाय, प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये, म्हणजे पुण्यात घरोघर शोध चालू होता तेव्हा शोधणाऱ्यांचे लक्ष रोगाच्या खऱ्या वाहकाकडे नव्हतेच. १८९७ च्या मार्चमध्येच सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना स्वतः प्लेगला बळी पडल्या. मुंबईत जनरल गॅटॅकर यांच्या समितीने निरनिराळ्या समाजांना स्वतःची प्लेग रुग्णालये उघडू दिली, तेव्हा अनेक कुटुंबांना रोगी आपल्या माणसांच्या देखरेखीखाली ठेवता आला. शासनाने नियंत्रणाचा एक भाग सोडल्यामुळे लोकांचा थोडा तरी विश्वास मिळवता आला, हे या साथीतून ध्यानात घेण्याजोगे आहे. तरीही १८९७ चाच कायदा हाताशी धरून २०२० मध्ये कोविडची साथ हाताळली गेली आणि रुग्णांच्या दारावर फलक चिकटवण्याची प्रथा पुन्हा सुरू झाली. सक्षम अधिकाऱ्याचा तसा स्पष्ट आदेश असल्याखेरीज असे फलक लावू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाला त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये सांगावे लागले.

दुसऱ्या दिशेची देखरेख कशी असते याचे उत्तम उदाहरण गडचिरोलीत सापडते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने गावोगावच्या जन्ममृत्यूंची बिनचूक नोंद ठेवण्यापासून कामाला सुरुवात केली, कारण सरकारी दप्तरात बालमृत्यूंची संख्या प्रत्यक्षाहून पुष्कळच कमी दिसत होती. ज्या मृत्यूची नोंद होत नाही तो टाळण्याची जबाबदारीही कोणावर येत नाही. प्रशिक्षण मिळालेली गावातलीच स्त्री नवजात बाळाच्या घरी ठरावीक दिवशी जाई, बाळाचे वजन करी, ताप पाही, श्वास मोजी. ज्या सुइणींना अंकगणना येत नव्हती त्यांच्यासाठी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या रांगा असलेले साधे यंत्र तयार करण्यात आले : दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजून उपचार सुरू करायचे. येथे मोजमाप करणारी व्यक्ती, ज्याचे मोजमाप होते ते बाळ आणि उपचार हे तिन्ही एकाच अंगणात होते. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या पद्धतीमुळे ३९ गावांतील नवजात मृत्युदर तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला, आणि २०११ पासून केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालसेवा देण्याचा कार्यक्रम देशभर स्वीकारला.

स्वच्छतेच्या क्षेत्रात या दोन्ही दिशा एकाच मोहिमेत एकमेकींवर आदळलेल्या दिसतात. २००० मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाची मूळ कल्पना गावागावांत चढाओढ लावण्याची होती. बक्षिसाच्या रकमेपेक्षा गावाने केलेले श्रमदान कितीतरी मोठे होते आणि परीक्षण समितीपुढे गावाला स्वतःची स्थिती मांडावी लागत असे. याच सुमारास बांगलादेशातील राजशाही जिल्ह्यात कमल कर यांनी घडवलेली एक पद्धतही भारतात आली. तिच्यात गावकऱ्यांनी मिळून गावाबाहेरच्या हागणदारीतून फेरी मारायची, जमिनीवर नकाशा काढून घाण कोठे पडते ते दाखवायचे आणि ती पाण्यात व अन्नात कशी परत येते याचा हिशेब स्वतःच मांडायचा, अशी रीत होती. पुढे उद्दिष्टपूर्तीची घाई झाली तेव्हा मात्र पहाटे टॉर्च घेऊन निघणारी गुड मॉर्निंग पथके आली. टमरेल घेऊन जाणाऱ्याला कधी गुलाबाचे फूल दिले जाई, कधी १२०० रुपयांचा दंड केला जाई, कधी गाडीत बसवून ठाण्यात नेले जाई. लाज हे काही ठिकाणी प्रभावी साधन ठरले हे नाकारता येणार नाही. पण ती लाज सर्वांना सारखी लागत नाही. ज्याच्या घरी शौचालय बांधायला जागा नाही, ज्या वाडीवर उन्हाळ्यात पिण्याचे पाणीही टँकरने येते, ज्या बाईला अंधारातच बाहेर जावे लागते, तिला पकडून पथकाला आकडा मिळतो आणि पाण्याचा प्रश्न मात्र होता तसाच राहतो. पाणीपुरवठा का झाला नाही, असे विचारत कोणतेही पथक अधिकाऱ्याच्या दारी पहाटे गेलेले नाही.

तसे विचारण्याची सोय आरोग्यसेवेच्या बाबतीत काही काळ झाली. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख व नियोजन या नावाची प्रक्रिया २००७ मध्ये नऊ राज्यांत सुरू झाली. महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आता धाराशिव), पुणे आणि ठाणे हे पहिले पाच जिल्हे होते आणि राज्य पातळीवरील समन्वय पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे होता. लोकाधारित देखरेख म्हणजे सेवा घेणाऱ्यांनी सेवेचे गुणपत्रक तयार करणे. गावची आरोग्य समिती बायका-पुरुषांना एकत्र बसवून विचारी : परिचारिका महिन्यातून किती वेळा आली, गरोदरपणात वजन आणि रक्तदाब तपासला का, औषध केंद्रात मिळाले की चिठ्ठी लिहून बाहेरून आणायला सांगितले, डॉक्टर मुख्यालयी राहतात का, बाळंतपणासाठी पैसे मागितले का. उत्तरांनुसार तक्त्यात हिरवा, पिवळा किंवा लाल रंग भरला जाई, त्यामुळे वाचता न येणाऱ्यालाही आपल्या दवाखान्याची स्थिती एका नजरेत कळे. हे तक्ते पुढे जनसुनवाईत मांडले जात. जनसुनवाई म्हणजे लोक, लोकप्रतिनिधी, वैद्यकीय अधिकारी आणि पत्रकार यांच्यासमोर होणारी जाहीर बैठक. तेथे खासगी दुकानाची औषधाची चिठ्ठी हातात धरून बाई उभी राहिली, की तालुक्याच्या अधिकाऱ्याला सर्वांदेखत उत्तर द्यावे लागे आणि दुरुस्ती कधी होईल ते सांगावे लागे. पुष्कळदा असेही उघड होई, की दोष डॉक्टरचा नसून वरून औषधांचा साठाच आलेला नाही, आणि मग लोक व डॉक्टर मिळून जिल्ह्याला जाब विचारत. नोकरशाहीला ही प्रक्रिया जड जाणे समजण्यासारखे आहे. ती एका प्रकल्पाच्या निधीवर न ठेवता दरवर्षीच्या कामकाजाचा कायमचा भाग करायला हवी होती.

पर्यावरणाशी असलेल्या वर्तनावर गावानेच देखरेख ठेवल्याचे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे आहे. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकापासून या अवर्षणप्रवण गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि शेतीसाठी कूपनलिका खोदण्यावर बंदी स्वीकारली, आणि पुढे पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली : पर्जन्यमापकावरील नोंदी आणि निरीक्षण विहिरींची पातळी ग्रामसभेपुढे ठेवून माणसांना, जनावरांना आणि पिकांना किती पाणी पुरेल याचा हिशेब करायचा व त्यानुसार पिके ठरवायची. ऊस किंवा केळी न लावण्याचे बंधन येथे टिकते, कारण शेजाऱ्याने जी विहीर पाहिली तीच आपणही पाहिलेली असते.

शहरांत मोजमापाची साधने अधिक प्रगत आहेत. मुंबईत २००१ मध्ये पोलिओसाठी मलजलाची तपासणी सुरू झाली. पोलिओच्या सुमारे २०० संसर्गांपैकी एकातच कायमचा पक्षाघात होतो, म्हणून केवळ रुग्ण मोजले तर विषाणू बराच पसरल्यानंतर लक्षात येतो. सांडपाण्याच्या नमुन्यात मात्र तो आधीच सापडतो. येथे कोणाच्या घराची झडती घ्यावी लागत नाही, कोणाचे नाव पुढे येत नाही, आणि तरीही लसीकरणाची फेरी कोठे वाढवायची ते कळते. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला त्यामागे या मूक नोंदींचाही वाटा आहे.

गोंगाटाची नोंद मात्र अजून तशा कृतीपर्यंत पोचलेली नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार व्यापारी भागात दिवसा ६५ डेसिबल ही मर्यादा आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील (आता सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ) विद्यार्थी आणि अध्यापक गेली अनेक वर्षे गणेश विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरील चौकाचौकांत ध्वनी मोजतात आणि ती सरासरी अलीकडे १०० डेसिबलच्या आसपास जाते. डेसिबलची श्रेणी अशी आहे, की दर १० एककांनी ध्वनीची तीव्रता दहापट होते; म्हणजे ६५ ऐवजी १०० याचा अर्थ तीन हजारांहून अधिक पट. २०२० आणि २०२१ मध्ये मिरवणुका नव्हत्या तेव्हा याच रस्त्यावर मोजमाप साठच्या आसपास आले होते. आकडे दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत छापून येतात, काही गुन्हे दाखल होतात आणि पुढच्या वर्षी तेच आकडे पुन्हा छापले जातात. याचे एक कारण असे, की खेड्यात ग्रामसभा आहे, तशी ही नोंद समोर ठेवून मंडळे, पोलीस, महापालिका आणि त्या रस्त्यावर राहणारे आजारी व वृद्ध यांना एकत्र बसवणारी सभा शहरात भरत नाही. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यांत २००९ मध्ये क्षेत्रसभेची, म्हणजे मतदारांच्या लहान भागासाठीच्या सभेची, तरतूद झाली. ती प्रभागांत रुजली नाही. लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांचे आकडे, प्रभागातील डेंग्यूच्या रुग्णांची संख्या, कचऱ्याच्या वर्गीकरणाचे प्रमाण आणि हवेची दैनंदिन प्रत हे सारे अशा सभेपुढे वर्षातून चार वेळा ठेवणे आजही कायद्याच्या चौकटीत शक्य आहे, आणि त्यासाठी नव्या यंत्रांची गरज नाही.